पांढऱ्या करकोच्याची ढाल

हेल्गा आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिली अडचण झाली ती तिच्या नावाची. आमच्या भागात हेलगा म्हणजे रेडा. जर्मनीहून आलेली, दारातून वाकून आत येणारी एवढी उंच विदुषी, आणि तिला दिवसातून दहा वेळा रेडा म्हणून हाक मारायची, हे आक्काला काही केल्या जमेना. "बाईमाणसाला हेलगा कशी म्हणू रं? जीभ झडंल माझी," असं ती आप्पांना म्हणाली आणि त्याच दिवशी तिनं हेल्गाची हेमाताई करून टाकली. हेमाताईला कारण कळलं तेव्हा ती जिन्यावर बसून पोट धरून हसली. पुढे तिनं मला आयुष्यभर पत्रं पाठवली, त्या सगळ्यांखाली देवनागरीत 'हेमा' अशीच सही आहे. ती पत्रं माझ्या इथल्या, बेळगावच्या कपाटात आहेत आणि त्यांना कुणी हात लावलेला मला खपत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील आणि आक्का त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी परत आली. आई मी पाच वर्षांची असताना गेली, तेव्हापासून मला आक्कानंच वाढवलं, म्हणजे धपाटे घालून आणि मग लोणी चारून. निपाणीहून चिकोडीला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. शेती तंबाखूची. हंगामात अख्खं गाव शिंकायचं आणि आलेल्या पाहुण्याला वाटायचं, इथं सगळ्यांना पडसं झालंय. पण स्वयंपाकघरात तो वास शिरायचा नाही, तिथं आक्काचं राज्य होतं. पहाटे विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून घागरीत गाळलं जायचं, त्याचा आवाज अजून कानात आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी आणि घट्ट ताक, आणि सगळं सूर्य मावळायच्या आत. हेमाताई पहिल्या दिवशी तिच्या देशाच्या सवयीनं रात्री आठ वाजता हात धुऊन जेवायला खाली आली तेव्हा चूल सारवून झाली होती. पाहुणी उपाशी झोपली म्हणून आक्का रात्रभर तळमळली. दुसऱ्या दिवशी तिनं चार वाजताच पाट मांडला.

हेमाताई आली होती आमच्या बस्तीतली ताडपत्रं वाचायला. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथल्या लाकडी पेटीत जुन्या कानडी लिपीतली पोथ्यांची पानं होती, आणि ती वाचणारं गावात कुणी उरलं नव्हतं. आप्पा बस्तीचे पंच, म्हणून सोय आमच्या माडीवर. ती मराठी पुण्यात शिकून आली होती, एकदम पुस्तकी. म्हशीला पण "आपण जरा बाजूला व्हाल का?" म्हणायची. पण ताडपत्रं हे तिचं पोटापाण्याचं काम. तिचा जीव होता दुसऱ्याच एका पुस्तकात. तिच्या देशातल्या एका मठात सातआठशे वर्षांपूर्वीचं एक काव्य सापडलं होतं, शिलेदारांचं आणि राजदरबाराचं, आणि त्याची तिनं स्वतःच्या हातानं नक्कल करून जाड बांधणी करून आणली होती. 'शिलेदार' हा शब्द आप्पांचा. ती म्हणाली, घोडा आपला, भाला आपला, चाकरी मानाची. आप्पा म्हणाले, मग तो शिलेदारच. पुस्तक जमिनीवर पडलेलं आक्काला चालायचं नाही, म्हणून तिनं शास्त्राच्या पोथ्या गुंडाळतो तसलं तांबडं फडकं हेमाताईला दिलं. तेव्हापासून ते पुस्तक आमच्या सोप्यातल्या कोनाड्यात तांबड्या फडक्यात बांधून असायचं.

जेवणं झाल्यावर दिवस बुडेपर्यंत तासभर तरी उजेड उरायचा, आणि तो तास पुस्तकाचा. हेमाताई आधी जर्मनमध्ये वाचायची. एक अक्षर कळायचं नाही, पण ओळीच्या शेवटी शेवटी यमकं अशी खटाखट जुळत जायची की माझ्या अंगावर काटा यायचा. मग ती मराठीत सांगायची. मे महिन्यातली हिरवी रानं (आमच्या मे महिन्यात पायाखालची ढेकळं भाजतात, हे मला कोडंच पडायचं), पाण्यानं भरलेले खंदक, साखळदंडांनी वर उचलला जाणारा पूल, खिडकीत बसलेली राणी, आणि तिनं आपल्या झग्याची काढून दिलेली एक बाही भाल्याला बांधून झुंजायला निघालेला शिलेदार. एवढा मोठा लोखंड ल्यालेला गडी आणि एका बाहीसाठी मरायला तयार! मी सतरा वर्षांची होते. मला वाटायचं, असंच जगायला पाहिजे, नाहीतर जगूच नये.

आक्का भिंतीला टेकून शेंगा फोडत ऐकायची आणि अटी घालायची. "शिकार आली की वगळायची हां, हेमाताई. हरणं मारल्यालं मला ऐकवायचं न्हाय." हेमाताई बिचारी प्रामाणिकपणे वगळायची. मेजवानीत काय खाल्लं ते पण वगळायची. त्यामुळे माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं ते सगळे जर्मन शिलेदार दिवस मावळायच्या आत दूधभात खाऊन झोपणारे होते. नातू हल्ली मोबाइलवर चिलखतवाले लढवत बसतो, त्यांच्याकडे बघून मला आत्ताही मनातून वाटतं, ह्यांनी जेवून घेतलंय का.

एक दिवस हेमाताई म्हणाली, आमच्या ह्या जुन्या कथांत असा राजा पुष्कळदा भेटतो, जो काहीतरी नवल घडल्याशिवाय जेवायला बसत नाही. ताटं वाढलेली असतात, सगळा दरबार हात धुऊन उभा असतो, आणि राजा दाराकडे बघत बसतो. आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, मंग त्येचं आन् आमच्या म्हाराजांचं एकच की!" ती म्हणाली. आणि हेमाताईला तिनं आमची रीत समजावून सांगितली. आमचे दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. बस्तीतून निघताना ते मनात एक खूण धरतात. अमुक दिसलं तरच त्या दारात थांबायचं. ह्याला विधी म्हणायचं, आणि तो कुणालाही सांगायचा नाही. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवायची आणि गल्लीतून चालत जायचं. लोक दारोदार उभे असतात, कुणाच्या हातात कलश, कुणाच्या हातात नारळ, कुणी जोडीनं. खूण जुळली तर मुनी थांबतात. नाही जुळली तर हात खांद्यावरून खाली येतो आणि ते उपाशी माघारी जातात, दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. सांगता सांगता आक्काचा आवाज बदलला. "तीस वर्सं झाली, हेमाताई. ह्या दारात उभी ऱ्हातोय. किती म्हाराज आलं, किती गेलं. एकदा बी कुणी थांबलं न्हाय." एवढंच बोलून ती टरफलं झाडायला उठली. तिला आयुष्यात एवढं एकच पाहिजे होतं, आणि ते मागायचीसुद्धा सोय नव्हती.

आता पुस्तकातल्या गोष्टीचा शेवट. एक नावाजलेला शिलेदार, त्याच्या ढालीवर पांढरा करकोचा रंगवलेला. नदीच्या उतारात तो बुडून मरतो, आणि मरताना ढाल देतो बरोबरच्या एका गरीब तरण्या पोराला. तिकडे लांब एका किल्ल्यात म्हाताऱ्या राजानं शपथ घेतलेली, करकोच्याच्या ढालीचा शिलेदार दारात आल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. तीन दिवस राजा उपाशी. चौथ्या दिवशी हा पोरगा ती ढाल घेऊन तिथं पोचतो. बुरुजावरून आरोळी उठते, पूल खाली येतो, आत ताटं मांडली जातात, बायका रडायला लागतात. म्हातारा द्वारपाल पुढं येऊन त्याला विचारतो, "ढाल तुझीच ना?" आणि तिथं पानं संपतात. पुढची हरवली. हेमाताई म्हणाली, विद्वान लोक कधीपासून भांडतायत की तो काय म्हणाला असेल. मी इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. अर्धी गोष्ट सांगायचीच कशाला माणसानं?

त्याच आठवड्यात गावात महाराज आले. सत्तरीच्या पुढचे, चिकोडीकडचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे. अंग म्हणजे नुसती हाडं आणि त्यावर उन्हानं तांबूस झालेली कातडी, पण चालले की वाटायचं, जमिनीला पाय लागतच नाहीत. पहिल्या दिवशी ते गल्लीतून गेले आणि उपाशी परत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांनी नारळ बदलले, फळं बदलली, कुणी ऊस धरला, कुणी दिवा, रुसून माहेरी गेलेल्या एका बाईला नवऱ्यानं केवळ जोडीनं उभं राहायला म्हणून परत आणलं. आक्का पहाटे तीनला उठायची, दिवस उगवला की ओल्या लुगड्यानं स्वयंपाक करायची आणि तो तसाच झाकून ठेवायची. चौथ्या दिवशी सकाळी बस्तीकडून हाक आली, "म्हाराज निघालं!" आक्काच्या हातात कलश, आप्पांच्या हातात नारळ. मी धुवट साडी नेसून ऊस धरणार होते, तो शेजारच्यांनी कधीच पळवला होता. "रिकामी उभी ऱ्हाऊ नगं गं पद्मे, काय तरी घे हातात!" आक्का ओरडली. मी वळले, कोनाड्यात हात घातला, आणि हाताला लागलं ते घेऊन दारात उभी राहिले.

महाराज आले. मोरपिसांची पिंछी डाव्या हातात, उजवा हात खांद्यावर. चार दिवसांचा उपास, पण चेहऱ्यावर त्याचं काही नाही. सगळी गल्ली "नमोस्तु, नमोस्तु" म्हणत होती, आणि ते आमच्या दारासमोर आले आणि थांबले. थांबले! मी आजवर पुष्कळ काही बघितलंय, हेमाताईच्या देशात जाऊन ते किल्ले आणि ते खंदकही बघून आले, पण त्या क्षणासारखं काही नाही. वाराही थांबला असं वाटलं. त्यांची नजर माझ्या हातांवर होती. त्यांनी माझ्या हातातल्या तांबड्या फडक्यापुढं मान लववली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "शास्त्र! शास्त्राचा इधी हुता!" आणि तेव्हा कुठं मला उमगलं की माझ्या हातात काय आहे.

कलशातलं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. महाराजांना प्रदक्षिणा घालून मग घरच्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं: मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध, आत यावं. आक्का म्हणाली, आप्पा म्हणाले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला आणि दुसऱ्यापाशी मी अडले. वचन शुद्ध. हातात भाल्यांनी एकमेकांना भोसकणाऱ्यांचं पुस्तक, त्यातली आक्कासाठी वगळलेली सगळी हरणं, आणि त्याच्यापुढं मुनींनी मान लववलेली. गप्प बसले तर कुणाला कधी कळणार नव्हतं. आक्काची तीस वर्षं फळाला येणार होती, एक म्हातारा माणूस चार दिवसांनी जेवणार होता. "म्हण की गं," आक्का पुटपुटली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की ते मला आजही बघवत नाही. मी सांगितलं. "म्हाराज, ह्ये शास्त्र न्हाय. गोष्टीचं पुस्तक हाय. लढायांचं. गडबडीत हाताला लागलं."

महाराजांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, कशानंच नाही. मग खांद्यावरचा हात सावकाश खाली आला. ते वळले आणि जसे आले तसे बस्तीकडे गेले, चौथ्या दिवशीही उपाशी. आक्कानं कलश उंबऱ्यावर ठेवला आणि आत जाऊन भांड्यांवर झाकणं घालायला लागली. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. बाहेर बायका मला ऐकू येईल असं बोलत होत्या, "पोरीनं म्हाराजास्नी उपाशी घालवलं बघा." सगळा स्वयंपाक तंबाखूच्या मजुरांना वाटला गेला. घरात कुणी जेवलं नाही. हेमाताईनं माडीवरून सगळं बघितलं होतं. ती खाली आली, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि ते पोटाशी धरून माझ्याशेजारी जिन्यावर बसून राहिली.

दुपारी महाराजांचं ध्यान संपायच्या सुमाराला आक्का एकच शब्द बोलली. "चल." क्षमा मागायला मला ती बस्तीत घेऊन गेली. हेमाताई आपणहून मागोमाग आली. महाराज लाकडी फळीवर बसले होते. आम्ही रीतीप्रमाणे लांब बसलो. मी डोकं टेकलं आणि मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडती कशाला अव्वा? काय होतं त्या पुस्तकात, सांग की." मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते खरंच वाट बघत होते. मग मी सांगितलं. चार दिवस पोटात अन्न नसलेल्या, अंगावर सूतही नसलेल्या त्या माणसाला मी जर्मन शिलेदाराची गोष्ट सांगितली, नदीचा उतार, करकोचा, उपाशी राजा, खाली आलेला पूल. ते लहान पोरासारखे ऐकत होते. द्वारपालापाशी येऊन मी थांबले.

"मग? काय सांगितला त्यो?"

"पानं हरवल्यात, म्हाराज. कुणालाच ठाव न्हाय."

"तुला काय वाटतंय?"

सकाळपर्यंत मला काहीच वाटत नव्हतं. "खरं सांगितलं आसंल," मी म्हणाले.

"आणि राजा?"

"राजा उपाशीच ऱ्हायला आसंल."

महाराज हसायला लागले. त्या हाडांच्या पिंजऱ्यातून एवढं हसू कुठून आलं कुणास ठाऊक, त्यांचे खांदे हलत होते. मग ते आक्काकडे वळून म्हणाले, "राहिला उपाशी. पण राजाला वाईट वाटलं नाही. हे पण लिहून ठेवायला पाहिजे की नाही?" आक्कानं पदर तोंडाला लावला. हेमाताईनं कागद नव्हता म्हणून तळहातावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत एकही दार शास्त्राशिवाय नव्हतं. कुणी पंचांगसुद्धा फडक्यात गुंडाळून धरलं होतं! पण महाराजांनी मनात दुसरीच खूण धरली होती. ते त्या सगळ्यांवरून पुढं गेले आणि थांबले शेवटच्या घराशी. तिथं नवराबायको दोघं मिळून एकच नारळ धरून उभी होती, दुसरा मिळाला नव्हता म्हणून. आक्कानं लांबून हात जोडले. संध्याकाळी महाराजांनी गाव सोडलं. आमच्या दारात त्यानंतरही कुणी थांबलं नाही. आक्का मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. मी बेळगावला शिकायला गेले, मग पुण्याला, जर्मन शिकले, तीच पुढं आयुष्यभर शिकवली. पण गावी गेले की त्या कोनाड्याकडे बघायचं टाळायची.

खूप वर्षांनी हेमाताईचं पुस्तक छापून आलं. पोस्टानं आलेलं ते पुडकं घेऊन मी तशीच गावी गेले. आप्पा गेले होते. आक्काला दिसत नव्हतं नीट, भिंतीला टेकून शेंगा मात्र फोडत होती. शेवटचं पान मी तिला मराठीत वाचून दाखवलं. "ढाल तुझीच ना?" इथं काव्य तुटतं, आणि खाली बारीक टाइपात हेमाताईची टीप आहे: पुढची पाने हरवली आहेत. निपाणीजवळच्या एका गावात असे सांगतात की शिलेदाराने खरे सांगितले, राजा उपाशी राहिला, आणि राजाला वाईट वाटले नाही.

आक्कानं मांडीवरची टरफलं झाडली. मग म्हणाली, "छापलंय व्हय गं तसं?"

"व्हय. हितं बघ."

"मला आपलं वाटायचं, माझी समजूत घालाय म्हाराज तसं बोललं." तिनं हात पुढं केला, पुस्तक घेतलं, त्यावरून बोटं फिरवली. मग उठून चाचपडत कपाटाशी गेली, एक धुतलेलं तांबडं फडकं काढलं आणि पुस्तक त्यात नीट, चारी टोकं दुमडून बांधलं. मला म्हणाली, "वरच्या फळीवर ठेव."

वरच्या फळीवर शास्त्राच्या पोथ्या असायच्या. मी म्हणाले, "आक्का, हे शास्त्र न्हाय."

"ठाव हाय मला," आक्का म्हणाली. "ठेव."